त्या आठ मिनिटांसाठी काय शिकायचं?

आदरणीय सिस्टर,

मी २७ वर्षांची आहे. कोपरखैरण्यात आई-बाबांसोबत राहते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि चार वर्षांपासून महाप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत ॲडमिनमध्ये आहे. गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या स्टोअरमधले एक काका कॅन्टीनमध्ये जेवता जेवता खाली कोसळले. आम्ही पंधरा-वीस जण भोवती होतो. कुणी कांदा हुंगवला, कुणी पाणी पाजायला बघितलं, कुणी तळपाय चोळले. ते घोरल्यासारखा आवाज करत होते, म्हणून मला वाटलं श्वास चालू आहे. आठ-नऊ मिनिटांनी कंपनीच्या गाडीत घालून नेलं. रुग्णालयात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. मी पूर्ण वेळ त्यांचा चष्मा हातात धरून उभी होते.

तेव्हापासून नीट झोप नाही. आपत्ती व्यवस्थापनातच काम करायचं असं मनात घेतलंय. वाशीतली एक संस्था ‘डिझास्टर मॅनेजमेंट अँड फायर सेफ्टी’चा एक वर्षाचा डिप्लोमा देते. फी ७५ हजार. नंतर एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), रेल्वे, विमानतळ अशा ठिकाणी नोकरी लागते म्हणतात. या आठवड्यात पैसे भरले तर दहा हजार सूट आहे. बाबांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे, मुलीला हे धावपळीचं काम झेपायचं नाही. मी कोणता कोर्स करू? उशीर तर झाला नाही ना?

एक अस्वस्थ वाचक, कोपरखैरणे

*

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कोर्सबद्दल तू बरंच लिहिलंयस, पण माझी नजर दर वेळी त्या चष्म्यावर जाऊन थांबली. म्हणून आधी कॅन्टीनमधलं बोलू, फीचं नंतर.

ते घोरणं म्हणजे श्वास नव्हता. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं असे आचके येतात. तोंड उघडतं, घशातून घरघर होते, मध्येच थांबते, पुन्हा येते. मी कॅज्युअल्टीत २६ वर्षं काढली. स्ट्रेचरसोबत धावत आलेले नातेवाईक सांगायचे, “सिस्टर, रस्ताभर घोरत होते हो!” ते वाक्य कानावर पडलं की माझ्या पोटात गोळा यायचा. त्या शेकडो नातेवाइकांना जे कळलं नाही ते तुलाही कळलं नाही, कारण तुम्हाला कुणालाच ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही, कंपनीत तर नाहीच. ज्याची ओळखच करून दिली नाही ते ओळखता आलं नाही, याला अपराध म्हणत नाहीत.

आता नीट सांगते. माणूस एकाएकी कोसळला, खांदे हलवून हाक मारली तरी प्रतिसाद नाही, आणि श्वास नाही किंवा असा आचक्यांचा आहे, तर हृदय थांबलंय असंच धरायचं. एकानं १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्यानं त्या माणसाला फरशीवर उताणं करायचं, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहायचं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचे हात भरून येतात, म्हणून तेवढ्यात माणूस बदलायचा. पाणी नाही, कांदा नाही, चप्पल तर नाहीच. छाती दाबली गेली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. तुमच्यातल्या एकाला हे येत असतं तर काका वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. त्यांना एक संधी मिळाली असती, एवढंच खरं आहे.

हे शिकायला एक दिवस लागतो. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत आखून दिली. ती तर दोन-तीन तासांत हाताला बसते. पूर्ण प्रथमोपचार शिकायचा असेल तर सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस यांची प्रमाणपत्रं जुनी आणि ओळखीची आहेत. रुग्णालयांत अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस, म्हणजे जीव तगवण्याच्या प्राथमिक उपायांचा कोर्स, चालतो, त्याचं कार्ड दोन वर्षांनी संपतं आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ते संपतं हेच त्याचं मोठेपण आहे, कारण हात विसरतात. तू कुठेही गेलीस तरी आधी एवढं विचार: एका पुतळ्यामागे किती जण असतील, आणि मला स्वतःला किती मिनिटं दाबायला मिळेल? पन्नास जणांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर चित्रफीत दाखवणारे वर्ग मी पाहिलेत. शेवटी सगळ्यांच्या हातात प्रमाणपत्र, आणि दाबलं कुणीच नाही. अशा ठिकाणी पाऊल टाकू नकोस.

म्हणजे तुझा पहिला कोर्स ठरला. महिन्याभरात कर. तो केल्याशिवाय पुढच्या कशाचाही विचार करू नकोस.

आता ते ७५ हजार. एनडीआरएफमध्ये बाहेरच्या माणसाची सरळ भरती होत नाही. तिथले जवान सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स या केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. आपल्या राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल, एसडीआरएफ, तेही राज्य राखीव पोलीस दलातून उभं केलेलं आहे. तेव्हा खासगी डिप्लोम्यावर एनडीआरएफचा गणवेश मिळेल असं सांगणारा माणूस एक तर अजाण आहे नाही तर खोटं बोलतोय. दोघांकडूनही अग्निसुरक्षा शिकू नये. आणि ती सूट! जीव वाचवायचं शिक्षण या शनिवारपर्यंत दहा हजारांनी स्वस्त, हे ऐकूनच मला वाईट वाटलं.

सगळ्या खासगी संस्था वाईट असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी तिथे जा आणि म्हण, मला तुमचं मैदान दाखवा. धुराची खोली कुठे आहे? श्वसनसंच किती आहेत, आणि सिलिंडर शेवटचे कधी भरले? पाणी मारायचे होज पाइप कुठे वाळत घालता? जिथे खरंच शिकवतात तिथे होज वाळत घातलेले दिसतातच. मग प्रमाणपत्रावर सही कुणाची ते विचार: विद्यापीठाची, राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, की त्यांच्याच एखाद्या ‘इंटरनॅशनल कौन्सिल’ची? मागच्या बॅचमधल्या तीन जणांचे नंबर माग. टाळाटाळ झाली तर तिथून सरळ घरी ये.

अग्निशमन दलात जायचं असेल तर त्याचं दार वेगळं आहे. सांताक्रूझ पूर्वेला विद्यानगरीत राज्याच्या अग्निशमन सेवेचं प्रशिक्षण केंद्र आहे. सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम तिथला, आणि एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंध अधिकारी पाठ्यक्रमही तिथलाच. तिथे वय आणि शरीरमापं काटेकोर बघतात, त्यामुळे जाहिरात निघाली की वयाची ओळ आधी वाच. पण तुझं पत्र वाचून मला वाटत नाही की तुला गाडीवर चढून आगीत जायचंय. तू आपत्ती ‘व्यवस्थापन’ लिहिलंयस आणि मनात आहे ‘धावून जाणं’. ही दोन वेगळी कामं आहेत. सगळा घोळ त्यांची गल्लत केल्यानं होतो, आणि संस्थाही ती मुद्दाम करतात.

धावून जाणारा माणूस पहिल्या मिनिटापासून काही तासांपर्यंतचा. त्याच्या हातात दोर, स्ट्रेचर, ड्रेसिंग. व्यवस्थापक त्याच वेळी एका टेबलाशी बसून संध्याकाळचा, उद्या सकाळचा आणि परवाचा विचार करतो. २७ जुलै २०१९ आठव. वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, आणि हजाराहून जास्त प्रवासी आत होते. एनडीआरएफच्या आणि नौदलाच्या बोटी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. मी मात्र बोटीनंतरचं बघत होते. ओल्या कपड्यांतली माणसं किनाऱ्याला लागल्यावर जाणार कुठे? गरोदर बायकांना कोण तपासणार? चहा, जेवण, बस, आणि शेवटी कल्याणहून कोल्हापूरला सोडलेली विशेष गाडी. हे सगळं बोटी पाण्यात असतानाच कुणी तरी फोनवर जुळवत होतं. त्या माणसाचा फोटो कुठे छापून आला नाही. तुझी चार वर्षं ॲडमिनमध्ये गेली आहेत. बस, जेवण, याद्या, व्हेंडर, गेटपास हे तुला झोपेतही जमत असेल. ते कमी लेखू नकोस, आपत्तीत निम्मं काम तेच असतं.

या कामाचंही शास्त्र आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात प्रचंड वणवे लागले. पाणी होतं, माणसं होती, गाड्याही होत्या. पण प्रत्येक दलाची भाषा निराळी, रेडिओ निराळे, आणि हुकूम नक्की कुणाचा हे कुणालाच माहीत नाही. त्यातून तिथे घटनास्थळी हुकमाची एक साखळी आखली गेली, आणि तिचे प्राथमिक वर्ग तिथली आपत्ती संस्था फेमा आजही चालवते. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं तीच पद्धत भारतीय प्रशासनाला बसेल अशी करून २०१० मध्ये इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीम म्हणून दिली. कागदावर ती रुक्ष वाटते, पण आपल्या घरचं लग्न आठवलंस की समजते. वाढप्यांकडे एक जण बघतो, आचाऱ्याकडे दुसरा, वऱ्हाडाच्या उतरण्याची सोय तिसऱ्याकडे, आणि या तिघांनी फक्त एकाच मामाला विचारायचं असतं. मामा स्वतः वाढायला लागला की मांडव कोसळतो. एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाच, त्याहून जास्त नाही, असा त्या पद्धतीतला नियम आहे. जिल्ह्यात तो मामा म्हणजे जिल्हाधिकारी, आणि त्याला कायद्याचं बळ आहे ते २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं.

ही बाजू शिकायला तुला लगेच एक रुपयाही लागणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजे एनआयडीएमचे, स्वतः शिकायचे ऑनलाइन वर्ग असतात. ते रात्री जेवणानंतर कर. तरीही गोडी टिकली तर इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनातला पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून होतो. आणि पुढे खरंच हेच आयुष्य करायचं ठरलं तर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मिळते. कोपरखैरण्याहून वाशी, तिथे गाडी बदलून गोवंडी. एखाद्या शनिवारी नुसतं जाऊन ये, तिथल्या मुलांशी बोल. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि तिथलीच एनडीआरएफ अकादमी या मोठ्या संस्था आहेत, पण आज तुला त्यांची गरज नाही.

गरज आहे ती तुझ्या रसायनशास्त्राची. पत्रात तू ते अर्ध्या ओळीत उरकलंस, पण मला त्यातच तुझी वाट दिसते.

तू रोज ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जातेस. शेजारून जाणाऱ्या टँकरच्या मागे-बाजूला नारिंगी पाटी असते. तिच्यावरचा चार आकडी क्रमांक जगभर एकच असतो. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १२०३ म्हणजे पेट्रोल. टँकर उलटला तर शंभर माणसं मोबाइल काढून जवळ जातील. तू मात्र लांबूनच आकडा वाचून नियंत्रण कक्षाला सांगू शकशील, आणि निघालेली गाडी नेमकं काय बरोबर घ्यायचं ते ठरवून येईल. क्लोरीनचा रेणुभार ७१, हवेचा सरासरी २९, हे तू पहिल्या वर्षाला शिकलीस. त्याचा अर्थ, क्लोरीन जमिनीलगत पसरतो, गटारात, तळघरात, उतारावर साचतो. म्हणून खाली बसायचं नाही, उंचावर जायचं, आणि वारा कापत आडवं निघायचं. अमोनियाचा रेणुभार १७, तो पाण्यात झपाट्यानं विरघळतो, म्हणून बाहेर पडताना नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं. परीक्षेत दोन गुणांना लिहिलेली ही उत्तरं आपल्या पट्ट्यात जीव वाचवतात. कंपनीच्या छपरावरची ती वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी तुला माहीत असेल. उद्या गेटमधून आत जाताना वर बघ, वारा कुठून वाहतोय. रोज बघ. सवय झाली पाहिजे.

भोपाळनंतर धोकादायक रसायनांचे नियम १९८९ मध्ये आले, आणि रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे नियम १९९६ मध्ये. त्यामुळे मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना आत काय करायचं याचा आराखडा लेखी ठेवावा लागतो आणि त्याचा सराव करावा लागतो. तुमच्या कंपनीत असा आराखडा आहे का, असेल तर त्यात ॲडमिनचं काम काय लिहिलंय, ते मागून वाच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानंच सांगितलं होतं की दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती सांभाळणारा माणूस प्रशिक्षित हवा. तुमच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे, विचारून बघ. मी जिथे जिथे विचारलं तिथे दहा मिनिटं किल्लीच शोधत होते.

या वाटेवरचा मान्यता असलेला कोर्स म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, ज्याला सगळे ‘ॲडिस’ म्हणतात. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो होतो, आणि राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या संलग्न संस्थांतही होतो. रसायनशास्त्राच्या पदवीला कारखान्यातल्या अनुभवाची जोड मागतात. ॲडमिनमधली वर्षं त्यात धरतात का, हे अर्जाआधी लेखी विचार. धरत नसतील तर कंपनीतच सुरक्षा विभागात बदली माग. त्या ७५ हजारांपेक्षा ती बदली जास्त मोलाची आहे.

एक माझी गोष्ट सांगते, कारण तू चष्म्याची सांगितलीस. कॅज्युअल्टीतलं माझं तिसरं वर्ष. घोडबंदर रोडवर टेम्पो उलटला आणि एका वेळी अकरा जण आले. एक बाई हंबरडा फोडत होती, एकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती. मी तिकडे धावले. दाराजवळच्या बाकावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गप्प बसला होता, अंगावर ओरखडाही नाही. मी त्याला म्हटलं, “थांब हं बाळा, येते.” अर्ध्या तासानं गेले तेव्हा तो भिंतीला टेकून पांढराफटक पडला होता. पोटात रक्तस्राव. तो वाचला नाही. मला ते बाक अजून दिसतं.

नंतर बऱ्याच वर्षांनी ट्रायाज शिकले, म्हणजे जखमींची निवड. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलानं आणि तिथल्या एका रुग्णालयानं १९८३ मध्ये ‘स्टार्ट’ नावाची पद्धत बसवली. एका जखमीला मिनिटभराहून कमी वेळ. चालू शकतात त्यांना बाजूला बोलवायचं, ते हिरवे. उरलेल्यांत श्वास बघायचा, मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. बोटाचं नख दाबून सोडायचं, रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर लाल. ‘माझं बोट दाब’ म्हटलं आणि समजलं नाही तरी लाल. हे सगळं जमलं पण चालता येत नाही तो पिवळा. श्वासमार्ग उघडूनही श्वास नाही तो काळा, आणि त्याला सोडून पुढे जायचं, हे सर्वांत अवघड. त्या मुलाचं नख मी दाबलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. तो सुटला नाही, पण नंतरच्या वर्षांत मी नवीन सिस्टरांना पहिल्याच दिवशी सांगायचे, ओरडणारा श्वास घेतोय, आधी गप्प असलेल्याकडे जा. तुझ्या चष्म्याचंही असंच काही तरी होईल.

शिकलेलं वापरायला जागा लागते, ती स्वयंसेवकांच्या दलात मिळते. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा मिळाला. नवी बॅच निघणार आहे का, हे ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन विचार, नाही तर १०७७ वर. नागरी संरक्षण दलाचं काम ठाण्यात आणि उरणला आहे. ७ मे २०२५ ला देशभर सराव झाला तेव्हा अनेकांना हे दल अजून आहे हे नव्यानं कळलं. तिथे आग, बचाव, प्रथमोपचार तिन्हींची ओळख होते, आणि सोबत माणसं मिळतात. एकट्यानं केलेल्या कोर्सला तेवढंच कमी असतं. शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला लकी कंपाउंडमधली इमारत पडली, ७४ माणसं गेली. अशा प्रत्येक ठिकाणी पहिले हात शेजाऱ्यांचे असतात. त्यांना धीर असतो, ताकद असते, फक्त कुठल्या विटेला हात लावायचा नाही हे कुणी शिकवलेलं नसतं. ठाणे महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल, टीडीआरएफ, आज उभं आहे, इर्शाळवाडीपर्यंत जाऊन आलंय. तरी त्यांची गाडी येईपर्यंतची मिनिटं तुझी-माझीच असतात.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी मला कळते, माझे वडीलही नर्सिंगला नाहीच म्हणत होते. त्यांना नागपूरच्या हर्षिनी कान्हेकरबद्दल सांग. २००२ मध्ये ती राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात दाखल झाली तेव्हा त्या आवारात शिकणारी मुलगी दुसरी नव्हती, आणि देशातली पहिली महिला अग्निशमन अधिकारी म्हणून ती बाहेर पडली. बचावाचं काम दंडाच्या जोरावर होत नाही. दोर, कप्पी, पाठ ताठ ठेवून उचलणं आणि चौघांनी एका आकड्यावर हात घालणं, यावर होतं. आणि बँकेच्या परीक्षाही दे की! नोकरी सोडून काही करू नकोस असं मीच सांगतेय. पहिलं वर्षभर तुझा खर्च काही हजारांच्या पुढे जाणार नाही, हेही बाबांना सांग.

त्यांना आणखी एक भीती असेल, मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातच आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीची सक्ती नाही.

उशीर झाला का, हे विचारलंस. मी ट्रायाज शिकले तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते.

राहिली झोप. डिसेंबरपासून झोप नाही हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी पुढे जाऊ देणार नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या आरोग्यासाठीचा, सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आज रात्रीच लाव. धावून जाणाऱ्या कामात स्वतःचं मन तपासून घेणं हाही प्रशिक्षणाचाच भाग असतो, आमच्या वेळी तो कुणी शिकवला नाही आणि त्याची किंमत आम्ही मोजली. जमलं तर काकांच्या घरीही जाऊन ये. चष्मा अजून तुझ्याकडेच असेल तर तो काकूंना दे, आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बस.

मग प्रथमोपचाराच्या वर्गाला जा, आणि तुझ्याबरोबर कॅन्टीनमधली आणखी दोन माणसं ने. वाढणारा मुलगा असेल, गेटवरचा वॉचमन असेल, ती दोघं तिथे रोज असतात. वर्ग झाला की मला लिही. दोन मिनिटं दाबल्यावर हात किती भरून आले ते सांग, आणि पेटीची किल्ली कुणाकडे निघाली तेही.

तुझी,
सिस्टर